टाकीला एकच प्रकार कळायचा

सूर्यातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पृथ्वीवर मोजले, तर हिशेबापेक्षा फार कमी भरत. बाकीचे जातात कुठे, या प्रश्नापायी मी माझं तरुणपण घालवलं. माझा पक्ष चुंबकाचा: न्यूट्रिनोत किंचित चुंबकपण असेल, सूर्याच्या चुंबकी क्षेत्रातून येताना ते उलटे होत असतील, म्हणून आपल्याला दिसत नसतील. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादेत हे ऐकून घेणारं माणूस एकच, माझी बायको. "सूर्याचं हरवलेलं शोधून राह्यले तुमी," ती म्हणायची, "घरातलं मीठ सरलं ते दिसत नाही काऊन?"

आता ती नाही. मीठ वेळेवर आणतो, पण घर खायला उठतं.

मुलीनं हैदराबादच्या तेलुगू घरात लग्न केलं. नात तेलुगूच बोलते. आमच्या घरचा नियम जुना: उंबऱ्याबाहेर काहीही बोला, घरात मराठीच. नाहीतर या सीमेवर आपली भाषा टिकायची कशी? बायको मात्र नातीशी खुशाल तेलुगूत गप्पा मारायची. ती गेल्यावर फोन माझ्या हाती आला. नात "तातय्या" म्हणाली, की मी म्हणायचो, "आजोबा म्हण. मराठीत बोल." ती फोन आईला देऊन टाकायची. हळूहळू फोनच येईनासे झाले. पोर दुरावली, असं मी धरून चाललो.

निवृत्तीनंतरही नेरडीगोंड्याच्या एका कॉलेजात तास घ्यायला जातो. परवा नेमका हाच विषय होता. माझं चुंबकाचं उत्तर चुकलं, हे मी हसत सांगितलं. न्यूट्रिनो हरवले नव्हतेच. वाटेत त्यांचा प्रकार बदलत होता, आणि जुन्या प्रयोगातल्या, न्यूट्रिनो टिपणाऱ्या टाकीला एकच प्रकार ओळखता यायचा. हे सगळं मी नेहमीसारखं तेलुगूत सांगत होतो. सांगता सांगता मी खडू खाली ठेवला. मुलांना वाटलं, तास संपला.

घरी आल्या आल्या, चप्पलही न काढता फोन लावला.

"बाबा, बरं आहे न?" मुलगी घाबरली.

"नातीला दे."

पलीकडून पाठ केल्यासारखं आलं, "आजोबा... जेवले का?" पुढचं तिला येत नव्हतं.

मी तेलुगूत विचारलं, आज शाळेत काय काय झालं?

 मग हळूच, "तातय्या, नीकु तेलुगु वच्चा?" म्हणजे, आजोबा, तुला तेलुगू येतं?

ज्या भाषेत आयुष्यभर शिकवलं, तिच्यात मी नातीला पहिल्यांदा "हो" म्हणालो.