सतरा एकांचा भागाकार

आमच्या बाबांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, कारण त्यांचा एक भागाकार राहिला होता.

बाबांचं पालीला किराणा दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते पुडीच्या कागदावर ओळीने सतरा वेळा एक लिहायचे आणि त्या अवाढव्य संख्येला कशाने भाग जातो, ते शोधत बसायचे. (निम्म्या पालीने साखर भागाकारात बांधून नेली आहे!) "मोबाईलवर बघू का?" असं मी एकदा विचारलं, तर भरल्या ताटावरून उठले. आणि शोध अर्धा टाकून, बसल्या जागी गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या आंब्यावर. एक खाली येईल तर शपथ!

"काहीतरी मनात राहिलंय रे दादाच्या," मुंबईहून आलेले काका म्हणाले.

"बाबा, आईला सांभाळीन," मी हात जोडले. कावळे ढिम्म.

"दुकान चालू ठेवीन!" ढिम्म.

"उधारी बंद करीन!" एकाने पंख खाजवले.

इतक्यात घरून आईचा फोन. "शिवला काय रे?" पिंडाला कावळा शिवल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेणार नव्हती, आणि ऊन तर डोक्यावर आलं होतं.

"येतोय गो, येतोय," मी खोटंच सांगितलं.

भटजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून लावू या का?"

मला रडूच फुटलं. माझ्या बाबांची बोळवण गवताच्या कावळ्यावर?

"अरे, तो भागाकार!" काका एकदम ओरडले. त्यांनी मोबाईल काढला, खाकरले आणि आंब्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "दादा, जातो हो भाग! वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने जातो! ये आता सुखाने!"

सगळे कावळे भर्रकन उडाले ते थेट नदीपलीकडे!

"काका, उत्तर कशाला फोडलंत?"

"मला काय माहीत, मेल्यावरही इतका हट्टी राहील!" काका म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

दहावीला मी गणितात काठावर पास, तोसुद्धा बाबांनी मानगूट धरून बसवलं म्हणून. तरी पाण्यात उतरून ओरडलो, "बाबा, काकांकडे लक्ष देऊ नका! मी स्वतः करतो भागाकार! हाताने!"

एक म्हातारा कावळा परत आला. मान वाकडी करून त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं (विश्वास बसत नसावा) आणि पिंडाला चोच मारली. मी आईला कळवलं. ती नुसती रडत राहिली.

आता दुकानात मी बसतो आणि भागतो. उत्तर ठाऊक आहे, भाग पुरा जातो हेही ठाऊक आहे, तरी माझ्या कागदावर दर वेळी बाकी उरते! काल तर बाकी भाजकापेक्षा मोठी आली. मी वैतागलो, आतल्या खोलीकडे वळलो आणि हाक मारून मोकळासुद्धा झालो, "बाबा, जरा बघा हो, कुठे चुकलं माझं?"