भर दुपारचा दशावतार

ताप चढला की आवाज लांब जातात. मी खानावळीच्या मागच्या खोलीत पडले आहे. पुढे जेवणाऱ्यांची गर्दी आहे, माझा नवरा दत्ताराम एकट्यानेच सगळं सांभाळतो आहे. आज ताप उतरला नाही तर मला मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं आहे, हे तो कुणाला तरी हळू आवाजात सांगतो. मला ते ऐकू येतं, पण दुसऱ्याच कुणा बाईबद्दल चाललं असावं तसं वाटतं. तव्यावर बांगडे चुरचुरतात. ती चुरचुर झांजेसारखी वाजू लागते. मग झांजेला मृदंग येऊन मिळतो.

दशावताराचा मृदंग. मी तो झोपेतही ओळखते.

मी उठते, मागचं दार उघडते. परसातली नेहमीची विहीर नाही. तिथे मासळीबाजार भरला आहे. बायका टोपल्या मांडून बसल्या आहेत, भाव करतायत, त्यांची तोंडं हलतायत. पण ऐकू येतो तो फक्त मृदंग. सुरमई, सौंदाळे, कोळंबी, सगळं ताजं दिसतं. वास मात्र कशालाच नाही. मी एका टोपलीवर वाकून पाहते. खरंच नाही.

बाजाराच्या टोकाला माझ्या शाळेची पडवी आहे. पडवीच्या पायऱ्या उतरते तर पायाखाली पुळण, आणि पुढे समुद्र. वाळूत नाटकाचा बाक मांडला आहे, राजा-राणी बसतात तो. भर उन्हात दोन्ही बाजूंना पेट्रोमॅक्स पेटले आहेत. माणसं कमरेइतक्या पाण्यात बसून नाटकाची वाट पाहतायत. सगळ्यांची पाठ माझ्याकडे. लाट येते, जाते, कुणी हलत नाही.

बाकामागे पडदा बांधून रंगपट केला आहे. मी पडदा सारते.

आत माझे बाबा रंगायला बसले आहेत.

माझे बाबा, गुणाजी मांजरेकर, दशावतारात बाईची कामं करायचे. आमच्या किनाऱ्यावर त्यांची राणी बघायला लोक गावोगावच्या जत्रांना चालत जायचे. गेल्या वर्षी कार्तिकातल्या एका जत्रेत, रंगपटातच, तोंड अर्धं रंगवून झालेलं असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. घरी आणल्यावर आम्ही त्यांचा चेहरा खोबरेल लावून पुसला. डोळ्यांतलं काजळ तेवढं पूर्ण निघालं नाही.

आताही चेहरा अर्धाच रंगलेला आहे.

"अनशे," ते न वळता म्हणतात, "तू हय कित्याक इलंस?"

"मृदंग ऐकलंय, बाबा."

"मृदंग सगळ्यांकाच ऐकाक येता. म्हणान काय सगळी उठान येतत?"

मी काही बोलायच्या आत पडद्याआडून भिवाजी आत येतात. हे बाबांच्या नाटकमंडळाचे मालक. मी शाळेत असतानाच वारले. त्यांच्या हातात हिरवं जरीचं लुगडं आहे.

"इलंस? बरां झालां," ते म्हणतात. "एक पार्ट रिकामो आसा. राजाचां चेडू." म्हणजे राजकन्या.

"मी बायल माणूस," मी म्हणते.

"हय तसली मनाई नाय."

लहानपणी मला बाबांची सगळी भाषणं यायची. भाकऱ्या थापताना मी राणीही व्हायचे आणि राक्षसही. एकदा, फक्त एकदा, मला त्या बाकावर बसू द्या म्हणून मी रडले होते. बाबा म्हणाले होते, "नाय." मग लग्न झालं, खानावळ आली, आणि राणी कुठे गेली ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मी लुगडं हातात घेते. ते जड आहे, गार आहे.

"आधी जेव," भिवाजी म्हणतात. "उपाशीपोटी तोंडाक रंग लावूचो नसता."

समोर पान मांडलेलं आहे. वाफाळती पेज, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी. आणि याला वास आहे! इथे आल्यापासून पहिलाच वास. कितीतरी दिवस माझं तोंड कडू आहे, पाणीसुद्धा गोड लागत नाही. आता तोंडाला पाणी सुटतं. मी आमटीत बोट बुडवते, उचलते.

बाबा माझं मनगट धरतात. हात बर्फातून काढलेल्या मासळीसारखा.

"नाय."

तोच शब्द, तोच आवाज. मी भडकते. "जन्मभर ह्यांच सांगितलात तुमी माका!"

"तेव्हा लोक काय म्हणतीत म्हणान सांगितलंय. ता माझां चुकलां गो." ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघतात. एक डोळा राणीचा, एक डोळा बाबांचा. "आज तसां नाय. हय दहीकालो जायत नाय."

मला आधी समजत नाही. मग समजतं. नाटक रात्रभर चालतं, पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, प्रसाद वाटतात आणि माणसं आपापल्या घरी जातात. दहीकाला नाही म्हणजे घरी जाणं नाही.

"मी हयच बसलंय," बाबा म्हणतात. "अर्धो रंग लावतंय. पुसतंय. परत लावतंय."

बाहेर मृदंग थांबतो. पडद्याच्या फटीतून मी पाहते. पाण्यात बसलेली माणसं वळून आमच्याकडे तोंड करून बसली आहेत. गणपती घडवतात त्या शाळेत डोळे लिहायच्या आधी मूर्ती असतात, तसे त्यांचे चेहरे आहेत. ते वाट पाहतायत, माझीच.

"गो चेडवा, वेळ झाली," भिवाजी म्हणतात.

"केस सुटे घेवन खंय जातली ती?" बाबा त्यांना दटावतात. मग मला म्हणतात, "बस. पाठ कर हकडे."

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून शाळेची वेणी बाबाच घालायचे. गंगावनं विंचरून सवयीचे झालेले हात, चार पेडांची वेणी, इतकी घट्ट की डोळे ताणायचे. आताही ताणतात. मला रडू येतं.

"बाबा, त्या दिवशी खूप दुखलां काय?"

"नाय. एंट्री चुकली, तेचां वाईट वाटलां." मग विचारतात, "माझां काम कोणी केल्यान?"

"बाळग्यान."

"पदर सांभाळल्यान?"

"खंय! दोनदा पायात इलो."

ते हसतात. त्यांचं हसणं माझ्या मानेवर गार वाऱ्यासारखं लागतं. आपल्या कमरपट्ट्याचा लाल दोरा उसवून ते वेणीच्या टोकाला गुंडाळतात, गाठ मारतात, वाकून दातांनी तोडतात.

"घोव हाक मारता तुझो. ऐकाक येता?"

"नाय."

"माका येता," बाबा म्हणतात. "जा."

माझ्या हातातलं लुगडं ते काढून घेतात आणि दोन्ही हातांनी मला पाठीत ढकलतात, जोरात, तोल जाईल इतक्या जोरात.

"अनू! अगो अनू!"

दत्ताराम माझ्यावर वाकलेला आहे. खोलीत संध्याकाळचं ऊन आहे. माझी चादर, उशी, सगळं घामाने भिजलं आहे. तो माझ्या कपाळावर हात ठेवतो, काढतो, परत ठेवतो.

"उतरलो गो ताप. उतरलो." आणि तो तिथेच जमिनीवर बसतो, तोंडाला टॉवेल लावून. मी भूक लागली म्हणते तेव्हा तो पेज आणायला उठतो आणि दारातच थांबतो.

"वेणी कोणी घातली तुका?"

सकाळी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवताना त्यानेच माझे केस मोकळे सोडले होते. दिवसभर त्याच्याशिवाय या खोलीत कुणी आलं नव्हतं. मी हात मागे नेते. चार पेड. डोळे अजून ताणलेले आहेत.

मी वेणी पुढे ओढून घेते. टोकाला लाल दोरा आहे. त्याचं तुटलेलं टोक चावल्यासारखं चपटं झालं आहे, आणि मी बोटांत धरते तेव्हा ते ओलं लागतं.