चार डबे एकात

बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. माझं लग्न झालं नाही, आणि धाकटा भाऊ वेल्डर म्हणून परदेशात गेला तो गेलाच. आधी आखातात, मग तिथून आणखी कुठे, मग त्याच्याही पलीकडे. प्रत्येक देशाचं खूळ निराळं. इथे मेसेजचं हे ॲप बंद, तिथे ते बंद. दरवेळी तो फोन करून सांगायचा, "ताई, आता दुसरं टाकून घे." मी निमूट टाकून घ्यायचे. असं करता करता माझ्या मोबाइलवर चार ॲप जमली. आई त्यांना डबे म्हणायची.

मग त्याचे मेसेज विरळ झाले आणि एक दिवस थांबलेच. शेवटचा होता, "दुसरीकडे चाललोय. पोचलो की कळवतो." त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी एजंटाच्या ऑफिसात खेटे घातले, तिथे कुणी धड उत्तर दिलं नाही. शेवटी त्याच्याबरोबर काम केलेला एक जण नालासोपाऱ्यात भेटला. म्हणाला, "धडधाकट आहे की तो! नवा मोबाइलही घेतलाय." मला इतका राग आला की मी त्या माणसाचे आभारसुद्धा मानले नाहीत. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी ही समजेल. आई म्हणाली, "मगे लिवल्यान आसतला. तूच नीट बघूक नाय."

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की आम्हा दोघींचा हा उद्योग. ती बाजूला बसायची आणि मी एकेक ॲप उघडायचे. "नाय ना? मगे दुसरो डबो उघड." एखादं ॲप नेमकं तेव्हाच अपडेट मागायचं, एखाद्याचा पासवर्ड मी विसरलेली असायचे. मग "तो उद्या बघूया" म्हणून आम्ही उठायचो. त्या न उघडलेल्या डब्यात तिचा मुलगा तिच्यापुरता शाबूत असायचा. हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या नुसते नाकी नऊ आले होते.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी एकदा हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, चार-चार कशाला उघडत बसतेस? एक ॲप आहे, त्यात सगळ्यांचे मेसेज एकत्र दिसतात." रविवारी बसून मी ते घरातल्या टॅबवर टाकलं, चारही खाती त्याला जोडली, अक्षरं मोठी केली आणि टॅब आईच्या हातात दिला. मला केवढं मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. "आता चारही डबे एकात. तुझं तूच बघ."

पहिले काही दिवस ती हरखून गेली होती. पण त्या यादीची रीत अशी की ज्याचा मेसेज ताजा, तो वर. सोसायटीचा पाण्याच्या टँकरचा निरोप वर, गावाहून मावशीने पाठवलेली गुलाबाची फुलं वर, कळंबच्या मासेवालीचा बोंबलांचा फोटो वर. भाऊ सगळ्यांच्या खाली. बोटाने सरकवत सरकवत आई तळाशी जायची, त्याचा तो एक मेसेज वाचायची आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी खाली गेलेला असायचा.

एक दिवस ती भडकली. "सगळी मिळान तेका खाली ढकलतत!" तिने मावशीला फोन करून फुलं बंद करायला लावली. मावशी रुसली ती अजून रुसलेलीच आहे. मासेवालीला मला सांगावं लागलं की बाई, मेसेज करू नकोस. ती म्हणाली, "मंग मावरा हाय का नाय कसा कलनार तुमाला? बोट लागली का मी काय दारात येऊन बोंबलू?" तिचं बरोबरच होतं. पण आईपुढे कुणाचं काही चालत नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला तेवढं सांगायचं मी टाळलं, नाहीतर आम्हाला वेड्यांत काढलं असतं.

शेवटी मी भावाचं नाव वरच्या जागी टाचून ठेवलं. आता कुणीही लिहिलं तरी तोच पहिला. भांडण मिटलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. चार-सहा दिवस आई टॅब उघडायची, पहिलीच ओळ बघायची आणि मिटायची. मग एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "चारय डबे हेच्यातच इले ना गो?"

"हो."

"म्हणजे आता बघूचा रवला, असा कायच नाय."

इतकी वर्षं मी तिला जे समजावत होते ते तिला समजलं होतं, आणि मला ते नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते ॲप काढून टाकलं. आईला सांगितलं, ते बिघडलंय, त्यात सगळं येतच नव्हतं म्हणे. दिवा लावल्यावर मोबाइल घेऊन पूर्वीसारखी तिच्याजवळ बसले. पहिलं ॲप उघडलं. दुसरं उघडलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"रव गो. माका बरा वाटाचा म्हणान करतंस, ता कळता माका. पण एकदा बघलला, ता न बघलला कसा करू?"

आणि ती तांदूळ निवडायला निघून गेली.

त्यानंतर तिने मोबाइल मागितलेला नाही. भावाचं नावही काढत नाही, जेवते कमी. मला वाटायचं, ही विचारायची थांबली की मी सुटेन. कसलं सुटणं आणि काय! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारत असतात तेव्हा मी पाठ फिरवून बसते आणि एकेक ॲप उघडते. पहिलं, दुसरं, तिसरं. कशातच काही नसतं. चौथं मी उद्यावर ठेवते.