पाणी विकणारा दिगंबर

दिगंबर गेल्याचं मला न्हाव्याच्या दुकानात कळलं. बाकावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तो पानी विकणारा बुढा खपला ना काल." गालावरचा साबण तसाच ठेवून मी उठलो. साठ वर्षं झाली, पण बुऱ्हाणपूरनं माझ्या मित्राचं तेवढंच नाव लक्षात ठेवलं... आणि ते पाडण्यात माझाही हात होता.

नवा प्रांत जोडला जात होता तेव्हाची गोष्ट. कचेऱ्या नागपूरहून भोपाळला निघालेल्या. विणकरांच्या मोहल्ल्यासाठी नळ मागणारा दिगंबरचा अर्ज कुठल्या गठ्ठ्यात गेला, देव जाणे. तो वाट बघत बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं तीन पिंपं मांडली, वाळू-कोळशातून विहिरीचं पाणी गाळलं, त्यात औषध टाकलं आणि हंड्याला एक पैसा लावला. "फुकट दिलं तर उद्या वाळू कोण बदलेल, मास्तर?" मी नुकताच शाळेत लागलेलो, मला त्याचं बोलणं हलकं वाटलं. बायका मात्र हंडे घेऊन येऊ लागल्या, आणि त्या पावसाळ्यात मोहल्ल्यात हगवण फिरकली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका शेटजींनी समोरच पाणपोई घातली. थंडगार रांजण, त्यात वाळा, सगळं फुकट. पाणी उघड्या विहिरीचं. उद्घाटनाला बोलायला मी! "पाणी पाजणं पुण्य, विकणं पाप," असं ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. दिगंबर मागे उभा राहून ऐकत होता. बायका तिथूनच हंडे भरू लागल्या, त्याची पिंपं ओस पडली. पावसाच्या तोंडाशी पटकी आली. मोहल्ल्यातली लहान लहान पोरं गेली... शेटजींना कुणी काही म्हटलं नाही. लोक म्हणाले, "त्या पानीवाल्याची हाय लागली." मीही गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काय!

त्यानं मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवायला हवा होता. घरी यायचा, चहा प्यायचा, केळीचे भाव सांगून जायचा. त्याच्या त्या चांगुलपणाचा मला आयुष्यभर राग आला.

परवा त्याचा मुलगा आला. "काका, पप्पांच्या नावानं बस स्टँडजवळ पाणपोई लावून राहिलो. लोक बोलत होते ना, ते सगळं धुऊन निघेल. उद्घाटनाला तुम्हीच बोला." पाणी कुठलं, मी विचारलं. "बोरचं, सीधं टाकीत. फुकट आहे, कोण विचारते?" मी म्हणालो, आधी गाळायची सोय कर, आणि ती टिकावी म्हणून थोडे पैसे घे. तो हसला. "काका, तुम्ही तर एकदम पप्पांसारखं बोलून राहिले!"

खरंच बोललो मी त्याच्यासारखं. साठ वर्षं उशिरा, आणि तो गेल्यावर.