पाडव्याची गाडी, सव्वीस तारखेचं बिल

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळचे अकरा. मागितलेली रक्कम अठरा हजार चारशे साठ रुपये. हजर तिघे: मी, माझा मोठा भाऊ आणि अमरावतीच्या शोरूमचा सर्व्हिस मॅनेजर. आमची मोटरसायकल मागच्या शेडमध्ये इंजिन उघडून ठेवलेली होती.

गाडी माझ्या नावावर आहे, कारण मी अमरावतीत नोकरीला आणि कागद माझ्याकडे नीट राहतात. चालवतो दादा. आमचं गाव अकोल्यापासून वीस किलोमीटरवर, पातूरच्या रस्त्याला. तिथे तो दीड एकरात झेंडू आणि शेवंती करतो आणि एक दिवसाआड पहाटे दोन पोती गाडीला बांधून अकोल्याच्या फूलबाजारात नेतो. पाचला पोचलेल्या शेवंतीचा भाव वेगळा, आठला पोचलेलीचा वेगळा. दहा नोव्हेंबरला पहाटे वाटेतच इंजिनातून खटखट आवाज आला आणि गाडी जाम झाली. किक खाली जाईना. ऑइल तपासलं, बरोबर होतं. गाडी साडेसात महिन्यांची, चाललेली चार हजार सहाशे बारा किलोमीटर.

अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, विक्री अमरावतीची आहे, वॉरंटीची मंजुरी तिकडून आणा. अमरावतीवाले म्हणाले, बंद अकोल्यात पडली ना, मग अकोल्यातच दाखवा. दोन दिवस मी दोन्हीकडे फोन लावत होतो. शेवटी अमरावतीला रिकामा परतणारा एक पिकअप गाठला, त्याला बाराशे दिले आणि गाडी इकडे आणली. तोवर दादाची फुलं गावातल्या टेम्पोतून जात होती. टेम्पो सहाच्या आधी निघत नाही आणि वाटेत चार ठिकाणी थांबतो.

"पिस्टन, सिलिंडर, कॅमशाफ्ट, तिन्ही गेले," मॅनेजर म्हणाला. "पार्ट तेरा हजार नऊशे दहा, मजुरी टॅक्ससह चार हजार एकशे तीस, ऑइल चारशे वीस."

"वॉरंटीत आहे गाडी," मी म्हणालो.

"इंजिनाची वॉरंटी पाच वर्षं आहे काका, पण सगळ्या सर्व्हिसिंग वेळेत केल्या असतील तरच. तुमची तिसरी लेट आहे."

मी फाइल उघडली. मला तेव्हा जवळजवळ आनंदच झाला, कारण हाच प्रश्न मला पाठ होता. तिसरी सर्व्हिसिंग दोनशे दिवसांत करायची होती. पंधरा ऑक्टोबरला अकोल्यात करून घेतली, एकशे नव्याण्णवाव्या दिवशी. पावती समोर ठेवली.

त्याने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. "दोनशे तीन दिवस."

"तीस मार्चपासून मोजा."

"तीस कशी? विक्री सव्वीस मार्चची आहे. बिल बघा ना."

बिल माझ्याच फाइलमधलं पहिलं पान होतं. २६ मार्च. त्याच्या मागे सर्व्हिस बुक, आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'गाडी घरी आली, ३० मार्च'.

गुढीपाडव्याशिवाय गाडी दारात आणायची नाही, हा दादाचा हट्ट होता. पण नंबरप्लेट आल्याशिवाय गाडी देत नाहीत, म्हणून बिल चार दिवस आधी फाडलं. तेवढे दिवस गाडी शोरूममध्ये हँडलला माझ्या नावाची चिठ्ठी लटकवून उभी होती. तशा चिठ्ठ्यांच्या गाड्यांची रांगच होती तिथे. पाडव्याला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून आम्ही ती बाहेर काढली. त्या दिवसापासून मी कॅलेंडरवर दिवस मोजले. दोनदा मोजले. मोजणी चुकली नव्हती, सुरुवात चुकली होती.

"चार दिवस गाडी तुमच्याच दुकानात उभी होती," मी म्हणालो. "त्या चार दिवसांत इंजिन झिजलं काय?"

"मला समजतं काका. पण सिस्टीम घेत नाही."

दादा मॅनेजरला म्हणाला, "भाऊ, पाडव्याले गाडी घरी न्या म्हून बोर्ड कोनं लावला होता? आमी लावला होता काय?"

"बोर्ड सगळेच लावतात."

"मंग बोर्डावर लिवा ना, वॉरंटी चार दिवस पयले चालू होते म्हून!"

बाहेर चहाच्या टपरीवर त्याने तोंड माझ्याकडे वळवलं.

"तू तं मायच्या तेराव्याचा हिशेब बी दोनदा तपासला होता. येथीच काहून चुकला?"

"मुहूर्त तुले पायजे होता."

"मुहूर्त म्या काढला. दिवस तुनं मोजले." कप ठेवत तो म्हणाला, "हे पाय, सत्तावीसले मार्गशीर्षाचा पयला गुरुवार हाये. घरोघरी घट मांडतीन. वर्सभराची शेवंती मी त्याच चार गुरुवारांसाठी लावतो. सव्वीसच्या पायटी पाचले माल अकोल्यात नाई पोचला, तं गाडी तुह्याजवळच ठेव अन् पूजा कर तिची."

मी परत आत गेलो आणि फाटकावरच्या चौकीदाराचं रजिस्टर मागितलं. देईनात. अर्धा तास उभा राहिलो तेव्हा दिलं. त्यात तीस मार्चची नोंद होती: गाडीचा नंबर, माझी सही, किलोमीटर तीन. त्याचा फोटो जोडून अर्ज लिहिला, की गाडी माझ्या ताब्यात आली ती तारीख धरावी. मॅनेजर म्हणाला, कंपनीकडे पाठवतो. पाठवला का, हे विचारायला मी रोज फोन केला. रोज कोणीतरी नवीन उचलायचं आणि गाडीला काय झालंय इथपासून विचारायचं.

शनिवारी, बावीसला, उत्तर आलं. 'विशेष बाब म्हणून' पार्ट कंपनी देईल, मजुरी आणि ऑइल ग्राहकाचं. शिवाय यापुढे माझी काही तक्रार नाही, असं लिहून द्यायचं. तक्रार तर होतीच. इंजिन साडेसात महिन्यांत का गेलं, याबद्दल त्या पत्रात एक ओळ नव्हती. गाडी वॉरंटीत असेल तर मजुरी कशाची, आणि नसेल तर पार्ट का देता, हेही कोणी सांगत नव्हतं. मी दादाला फोनवर म्हणालो, सही करत नाही, ग्राहक मंचात जातो.

"किती दिवस लागतीन?"

"काही महिने तरी."

"अन् मार्गशीर्ष किती दिवसाचा असते?"

सोमवारी जाऊन मी सही केली. मंगळवारी, पंचवीसला, गाडी मिळाली. पिस्टन नवा म्हणून चाळीसच्या वर न नेता गावी पोचायला तीन तास लागले. घरी बसून सर्व्हिस बुकावरचे ३० खोडून २६ केले. टेम्पोच्या तोवर आठ खेपा झाल्या होत्या, खेपेला तीनशे वीस, आणि भाडं महिनाअखेर द्यायचं ठरलं होतं. ते पैसे मी दादापुढे केले.

"भावाजवळून टेम्पोचं भाडं घेऊ काय मी? ठेव खिशात."

मग मी टेम्पोवाल्याच्या घरी गेलो.

बुधवारी शेवंती पाचच्या आत अकोल्यात पोचली. शोरूमला दिले चार हजार पाचशे पन्नास, पावती फाइलमध्ये आहे. टेम्पोवाल्याला दिले दोन हजार पाचशे साठ. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं.