परवानगीवाचून सोळा वर्षं

माझ्या मोठ्या जाऊबाई नाकावर माशी बसू देत नाहीत, असं सगळं हॉस्पिटल म्हणतं. मी त्यांच्याबरोबर अठरा वर्षं आया म्हणून काम केलंय, शिवाय एकाच घरात नांदलेय. मला विचाराल तर माशी राहू द्या, वारासुद्धा दबकून जातो.

आमची खोली तळघरात, बॉयलरच्या शेजारी. पूर्वी तिथे मोडक्या खाटा टाकलेल्या असायच्या आणि आम्ही पेशंटच्या नातेवाइकांच्या संडासात, एक पाय हवेत धरून, घरचे कपडे उतरवून गणवेश चढवायचो. जाऊबाईंनी आम्हा अकरा जणींना हाताशी धरलं. ड्यूटी संपली की भंगार उपसायचं, असं नऊ दिवस चाललं. भिंतींना चुना लावला, खुंट्या ठोकल्या, एक आरसा आणला. तिथे आम्ही कपडे बदलतो, सुजलेले पाय वर घेऊन बसतो, आणि महिनाभर जिला भरवलं ती म्हातारी गेली की तिथेच रडतो. आयांच्या संघटनेचा पत्ताही तोच.

सोळा वर्षांनी नोटीस आली. पंधरा दिवसांत खोली रिकामी करा, जुन्या फायली ठेवायच्या आहेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फायलींना खोली आणि आम्हाला संडास!

लॉ कॉलेजची मुलं दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये टेबलं टाकून बसतात आणि आमच्यासारख्या संघटनांची कागदपत्रं फुकट करून देतात. आमच्या वाट्याला तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, बोटांना शाई. सगळं नीट ऐकून घेतलं आणि झरझर लिहून कागद पुढे केला. शेवटी होतं, ‘तरी तीन महिने मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.’

जाऊबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

“पोरी, मुदत मागितली म्हणजे जायचं कबूल केलं ना?”

मुलगी गोंधळली. “सरांनी नमुना असाच दिलाय, मावशी.”

“सर कपडे कुठे बदलतात?”

मुलीने क्षणभर कागदाकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने तो फाडला. “हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं,” म्हणाली. मग तासभर पुस्तकांत डोकं घालून बसली आणि एका पानावर बोट ठेवून उठली. बायका कामाला असतील तर त्यांना कपडे बदलायला वेगळी जागा द्यावीच लागते. “हा उपकार नाही, मावशी. त्यांच्यावर बंधन आहे.”

दुसऱ्या पत्रात विनंती औषधालाही नव्हती. ‘कळवतो की आम्ही खोली सोडणार नाही.’ जाऊबाईंनी सही इतकी दाबून केली की कागद फाटायचाच राहिला.

पत्र पोचल्यावर प्रशासक साहेबांनी बोलावून घेतलं. आम्ही दोघी गेलो, मुलगीही आली. साहेबांनी ड्रॉवरमधून एक फाईल काढली. आत सोळा अर्ज, दर वर्षाचा एक, सगळे जाऊबाईंच्या हातचे. ‘खोली वापरण्यास परवानगी मिळावी. आपली आज्ञाधारक.’

“अक्षर तुमचंच ना? दर वर्षी परवानगी मागता, म्हणजे खोली आमच्या मर्जीवर.”

मुलीचा चेहरा पडला. अर्जांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काय त्यात? अर्ज म्हटला की परवानगी मागायची आणि खाली आज्ञाधारक लिहायचं, शाळेत तेच तर घोटून घेतलं होतं.

जाऊबाईंनी फाईल स्वतःकडे ओढली. सावकाश पानं उलटली.

“उत्तरं कुठायत, साहेब?”

“कसली उत्तरं?”

“या अर्जांची. परवानगी दिलीत, असा एक तरी कागद दाखवा.”

एकही नव्हता. सोळा वर्षांत आमच्या अर्जांना कुणी काडीची किंमत दिली नव्हती. मुलगी ताठ बसली. “म्हणजे परवानगी कधी दिलीच नाही. यांच्याकडे खोली आहे ती परवानगीवाचून.”

“आणि इतकी वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही,” जाऊबाई म्हणाल्या.

साहेबांचा आवाज एकदम गोड झाला. “बरं, वाद नको. आत्ता एक अर्ज लिहा, मी इथल्या इथे मंजूर करतो. फायली दुसरीकडे ठेवू.”

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. टेबलाखालून मी जाऊबाईंना चिमटा काढला. “लिहा ना. दोन ओळी तर आहेत.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, “लिहिलंत तर खोली आज राहील. पण मग ती यांच्या मर्जीवर. ठरवायचं तुम्ही, मावशी.”

जाऊबाईंनी पेनाला टोपण लावलं. “सोळा लिहिले तेवढे पुरे.”

घरी जाताना मी मुद्दाम त्यांच्या दहा पावलं पुढे चालले.

सोमवारी खोलीला कुलूप. आमची पाळी नऊची, वाजले होते साडेआठ. आम्ही अकराजणी पिशव्या घेऊन उभ्या. एकजण भडकून म्हणाली, “तुमच्या ताठ्यापायी आता पुन्हा संडासात.” ते जाऊबाईंना लागलं, मला दिसलं. पण त्यांनी मुलीला फोन लावला, जिन्याजवळच्या चादरींच्या कपाटातून दोन चादरी काढल्या आणि म्हणाल्या, “संडासात कशाला? चला वर.”

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, साहेबांच्या कॅबिनमध्ये. झाडूवाली आत होती. तिने आम्हाला पाहिलं, झाडू उचलला आणि हसत वाट करून दिली. मुलगी धापा टाकत आली आणि तिने चादरीचं एक टोक धरलं, दुसरं मी.

“तुझ्या सरांना कळलं तर?” मी विचारलं.

“मी शनिवारची वकील, मावशी. आज सोमवार आहे.”

गालिचा मऊ होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पायमोजे खाली बसून घातले.

पावणेनऊला दाराची मूठ हलली. चादरीमागून जाऊबाईंचा आवाज गेला, “थांबा जरा. बाया कपडे बदलतायत.”

मूठ सुटली. साहेब स्वतःच्या दाराबाहेर उभे राहिले. बाकांवरचे नातेवाईक बघत होते, नर्सा येता-जाता बघत होत्या. आम्ही मुद्दाम कुणी घाई केली नाही. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि पहारेकऱ्याचा हात आत आला. हातात तळघरातल्या खोलीची किल्ली.

“साहेब म्हणतात, आत्ता लगेच खाली जा.”

“ठेव त्या टेबलावर,” जाऊबाई म्हणाल्या. “आधी माझ्या बायांचं होऊ दे.”