देव्हाऱ्यातला नामाक्शिन

तात्या, म्हणजे माझे चुलते, फौजेबरोबर कोरियात कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. तिथून शेळगावला परतले ते ट्रंकेत एक लाकडी जोडा घेऊन. अखंड लाकडातून कोरलेला, होडीसारखा, खाली दोन जाड खुरं. एका कैद्यानं निघताना दिलेला.

आमच्याकडं लाकडाचं पायताण म्हणजे खडावा, आणि खडावा साधूच्या. काकीनं जोडा बघितला आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. तात्या परत येईपर्यंत ती एक वेळ जेवत होती. "ह्या खडावांच्या पुण्याईनंच धनी जित्तं घरी आलं," म्हणाली.

तात्यांना तो चिखलात घालायचा होता, उसाला पाणी देताना. मला म्हणाले, "त्यासाठीच दिलाय गड्यानं. जोड्याचं नाव नामाक्शिन. त्यानं झाडावर थाप मारली, म्हणला 'नामु'. माझ्या बुटावर बोट ठिवलं, म्हणला 'शिन'. लाकडाचा जोडा, दुसरं काय? पण माझं ऐकतंय कोण! तू बी.ए. हाईस, तू सांग तिला."

घराण्यात कॉलेज केलेला पहिला मीच. त्याची ऐट होती, आजही आहे. बारामतीचं वाचनालय, पुण्यात कॉलेजची लायब्ररी, सगळं पालथं घातलं. कोरियन भाषेचा कोश कुठं नव्हता, ती जाणणारा माणूसही भेटला नाही.

तरी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "पुस्तकात वाचलंस?"

"न्हाय. तात्या म्हणत्यात."

"त्ये तर रोजच म्हणत्यात. देवावर हात ठिव आन् सांग, वाचलंय म्हून."

माझा हात उचलला नाही.

"मग? बी.ए.त काय शेण्या थापल्यास?"

तात्या ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. उठून रानात गेले, अनवाणी.

दर गुरुवारी जोड्याला दुधापाण्यानं अंघोळ, मग ऊन. उन्हाळ्यात एका पायताणाला टाचेपासून चीर गेली. आता कसलं अरिष्ट येतंय म्हणून काकी धाय मोकलून रडायला लागली. तात्यांनी तांब्याची तार आणली, चीर आवळून बांधली. ते पायताण क्षणभर आपल्या पावलाशेजारी धरून बघितलं.

"घाला की एकदा," मी हळूच म्हणालो.

त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यात ठेवलं.

"हात जोड," मला म्हणाले. "ती बघतीय."

मी जोडले.